बुधापेक्षा बोटभर मोठा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. शाळेच्या कपाटात फुटका पृथ्वीगोल, तीन पायांचं स्टूल, खडूचे रिकामे खोके जसे साठत जातात, तसेच तेही साठतात. फेकायला जिवावर येतं आणि ठेवायचे कुठे ते कळत नाही!

मी तिसगावजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझ्याकडचे निम्मे किस्से ग्रहांचे आणि चंद्रांचे आहेत. तुम्ही म्हणाल, पाथर्डी तालुक्यात ग्रह-चंद्रांचं काय काम? मलाही तसंच वाटायचं.

आमच्या शिक्षकखोलीत माणसं मोजकी. हेडसर, चित्रकलेचे शेख सर, मी आणि शिपाई रंगनाथमामा. मामांना खोलीत खुर्ची नव्हती, त्यांचं स्टूल बाहेर टोलाच्या घंटेखाली असायचं. पण घंटा, चहा, सूचनावही आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली, सगळं त्यांच्याकडे. म्हणजे खरं तर शाळाच त्यांच्याकडे होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या किश्श्यांमध्ये हसं बहुतेक माझंच होतं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण एकदा मी एका मुलीचा एक मार्क कापला. चुकीचा कापला. आणि चूक कळल्यावरही गप्प बसलो. तो किस्सा सांगायचा म्हणून आधीचे सांगतोय, कारण थेट त्यालाच हात घालायची हिंमत होत नाही.

*

आठवीला सूर्यमाला शिकवायची होती. पोरांना ग्रहांचे आकार कळावेत म्हणून मी एक शक्कल लढवली. बाजारच्या दिवशी तिसगावला गेलो आणि पिशवीत सूर्यमाला भरून आणली. पृथ्वी म्हणजे लिंबू. चंद्र म्हणजे भिजवलेला हरभरा. बुध म्हणजे गावठी बोर. आणि गुरू म्हणजे असा दांडगा लाल भोपळा, की तो एसटीतून उतरवताना माझी कंबर धरली!

पहिल्या तुकडीचा तास झकास झाला. ग्रह टेबलावर तसेच ठेवून मी चहाला गेलो. त्या दिवशी पोषण आहाराची चव बघायची पाळी माझी होती. नियम असा, की पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि रजिस्टरवर सही करायची. मी नेहमीप्रमाणे चव न घेताच लिहून टाकलं, 'चव उत्तम', आणि सही ठोकली.

दुसऱ्या तुकडीसाठी ग्रह न्यायला आलो तर लिंबू जागेवर, बोर जागेवर, हरभराही जागेवर. गुरू गायब!

"कौसाबाई, इथला भोपळा कुठंय?" मी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारलं.

"आमटीत हाय की! मला वाटलं त्यासाठीच आनला. आन तुमीच तर सही केली, चव उत्तम म्हनून!"

शेख सर पुढे महिनाभर मला विचारत होते, "सर, आज शनी कशात टाकायचा?"

खरी लाज वाटली ती पुढे चाचणीत. एका पोरानं लिहिलं होतं, 'गुरू ग्रह भोपळ्याएवढा असतो.' मी त्यावर लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शेतातून तसाच, चिखलाच्या पायांनी आला.

"सर, वर्गात भोपळा तुमीच दावला ना?"

"हो, पण पृथ्वी लिंबाएवढी धरली तर..."

"ते 'धरली तर' तुमी पोरांना बोलला हुता का?"

मी आठवून बघितलं. बोललो नव्हतो! फुली खोडली आणि मार्क दिला. हा मार्क मी परत दिला, हे लक्षात ठेवा. बाप विचारायला आला म्हणून दिला.

*

तपासणीला साहेब येणार असं कळलं की आमच्या हेडसरांना भिंती रंगवायची घाई व्हायची. एका वर्षी त्यांनी फर्मान काढलं, "शेख, कंपाउंडच्या भिंतीवर सूर्यमाला पाहिजे. गर्जे, तुम्ही माप सांगा."

मी माप सांगितलं. पृथ्वी ताटलीएवढी काढली तर गुरू अकरा ताटल्यांएवढा रुंद येणार. शेख सरांनी टेप लावला. भिंतीची उंची सहा फूट.

"सर, गुरू मावत नाही," शेख सर म्हणाले.

"मग जरा बारीक करा त्याला!" हेडसर म्हणाले. "आणि पृथ्वी मोठी काढा. साहेब पृथ्वीवर राहतात, गुरूवर नाही!"

झालं! पृथ्वी पाच फुटांची आणि गुरू घागरीएवढा. पृथ्वीवर भारत, भारतात महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रात लाल टिकलीनं आमचं गाव. ती टिकली शेजारच्या चंद्रापेक्षा मोठी झाली होती! साहेब आले, भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वा! मुलांना आकार लगेच समजतात."

हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नुसती मान हलवली असती तरी ठीक होतं, पण तपासणीच्या कागदावर 'शैक्षणिकदृष्ट्या तपासले' असं लिहून खाली सहीही केली. ते चित्र पुढे कितीतरी वर्षं तिथंच होतं. पोरं रोज त्याच्यासमोर प्रार्थनेला उभी राहायची आणि मी त्यांच्या मागे.

*

नगरला विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी सूर्यमालेचं फिरतं मॉडेल केलं होतं. चेंडूंचे ग्रह, सायकलच्या स्पोकांवर मण्यांचे चंद्र, हँडल फिरवलं की सगळं गरगर. टेम्पोतून निघालो. मी, दोन पोरं आणि सामान धरायला रंगनाथमामा. पृथ्वी सैल होती, म्हणून काढून माझ्या मांडीवर दिली होती. मी म्हटलं, "काळजी करू नका, माझ्याकडे आहे."

करंजी घाटात मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा पृथ्वी टेम्पोच्या फळीवरून टणाटण उड्या मारत उतारानं निघाली होती! मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. उतरून शोधायची सोय नव्हती.

नगरला पोचलो, वेळ नव्हता. मामांनी टेम्पोच्या पुढच्या बाजूला बांधलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू सोडलं आणि स्पोकात खोचलं. परीक्षक आले, हँडल फिरवलं आणि थांबले.

"पृथ्वी पिवळी कशी काय?"

आता इथे मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "पोरांनी निष्काळजीपणा केला, सर. वाटेत पाडली." ती दोन पोरं माझ्याकडे बघत राहिली. शिक्षकापुढे कोण बोलणार?

मामा मात्र पुढे झाले. "न्हाई सायेब, पोरांची चूक न्हाई. टेम्पोत मीच धरली हुती. आन पिवळी म्हनाल, तर ही आमच्या पाथर्डी तालुक्यातली पृथ्वी हाय. पाऊसच न्हाई, तर हिरवी-निळी व्हनार कशी?"

परीक्षक खो-खो हसले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. परतताना त्याच घाटात मामा नुसतं म्हणाले, "सर, जागं ऱ्हावा."

*

आता तो किस्सा.

मामांची मुलगी नंदा आठवीत होती. दोन घट्ट वेण्या, शाईनं माखलेली बोटं आणि वाचायचं भयंकर वेड. मामा वाचनालयाचं कपाट पुसायला काढायचे तेव्हा ही शेजारी जमिनीवर बसून पुस्तकं वाचायची. आमच्या अख्ख्या शाळेत त्या कपाटातली पुस्तकं वाचणारी ती एकटीच होती. शिक्षक धरून!

मी वर्गात सांगत होतो, "ग्रह मोठा, चंद्र लहान. लिहून घ्या."

नंदानं हात वर केला. "सर, समदेच ग्रह समद्या चंद्रांपेक्षा मोठं नसत्यात. गुरूचा एक चंद्र बुधापेक्षा मोठा हाय. गॅनिमीड त्याचं नाव."

मला ते माहीत नव्हतं. 'बघून सांगतो' एवढं म्हणायला काय जात होतं माझं? पण चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. मी हसलो आणि म्हणालो,

"नंदे, चंद्र म्हणजे ग्रहाचा शिपाई! शिपाई कधी साहेबापेक्षा मोठा असतो का?"

वर्ग फुटला हसून. मीही हसलो. आणि हसता हसता दाराकडे बघितलं, तर तिथे रंगनाथमामा उभे होते. हातात सूचनावही. ते हसू संपेपर्यंत थांबले, मग आत आले, वही माझ्यापुढे धरली.

"सर, सही."

मी सही केली. नंदा खाली बसली होती आणि वहीत लिहून घेत होती. 'ग्रह मोठा, चंद्र लहान.'

हे वाक्य शिक्षकखोलीत इतकं गाजलं की विचारू नका! कुणी पाहुणा आला की हेडसर म्हणायचे, "गर्जे, तो शिपाई-साहेबाचा सांगा!" आणि मी सांगायचो. मामा चहा देत असायचे आणि मी सांगायचो. नुसतं लिहितानाही कान गरम होतात.

*

वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम तोच प्रश्न टाकला. 'सूर्यमालेतील प्रत्येक ग्रह प्रत्येक चंद्रापेक्षा मोठा असतो. चूक की बरोबर?' एकोणचाळीस पोरांनी लिहिलं, बरोबर. नंदानं लिहिलं, 'चूक', आणि पुढे समासात बारीक अक्षरात दोन आकडे, बुधाचा व्यास आणि गॅनिमीडचा व्यास. मी त्या आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. फुली मारली.

आमच्या शाळेत एक रीत होती. आठवीत पहिला नंबर काढणाऱ्यानं पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहायचं आणि पाहुण्यांच्या हातात दोरी द्यायची. झेंड्याची गाठ मात्र दर वर्षी मामाच बांधायचे. पोरगी दोरी देईल आणि बापानं बांधलेली गाठ सुटेल, असं त्या वर्षी सगळ्या गावाला वाटत होतं. मामांनी तिला नवा गणवेशसुद्धा शिवून आणला होता.

नंदा दुसरी आली. एका मार्कानं.

जूनमध्ये वाचनालयाची मोजणी माझ्याकडे आली. मामांनी किल्ली दिली. एकेक पुस्तक काढत होतो, त्यात सूर्यमालेचं एक पातळ पुस्तक हाताला लागलं. मध्येच एका तक्त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. बुधाचा व्यास चार हजार आठशे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गॅनिमीडचा पाच हजार दोनशेच्या वर. तेच आकडे जे समासात होते! आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का, 'तपासून दाखल केले', त्याखाली सही. सही माझी.

त्याच पानावर एक ओळ होती, की आकारानं लहान असला तरी बुध वजनानं गॅनिमीडच्या दुपटीहून भारी आहे. त्या ओळीचा मी किती आधार घेतला म्हणून सांगू! स्वतःला समजावलं, म्हणजे बुध अगदीच काही लहान नाही, आपणही अगदीच काही चुकलो नाही. पण मी वजन कुठे विचारलं होतं? मी तर आकार विचारला होता.

पंधरा ऑगस्टला अजून दोन महिने होते. हेडसरांकडे जाऊन एक फुली खोडायची, बाकीच्यांचा तो मार्क काढून घ्यायचा, एवढंच काम. पण मग ते वाक्य? ते तर तालुकाभर झालं होतं. लोक मलाच हसले असते. मी पुस्तक कपाटात खालच्या फळीवर ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मामांना दिली.

"झाली का मोजनी, सर?"

"झाली."

"सगळं बरोबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

त्या पंधरा ऑगस्टला दोरी दुसऱ्याच मुलीनं दिली. नंदा तिसऱ्या रांगेत नव्या गणवेशात उभी होती. मामांनी गाठ तीनदा तपासली. झेंडा फडकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर दहावी होईपर्यंत नंदानं माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही.

*

माझ्या निरोप समारंभाला जुने हेडसर मुद्दाम आले होते. भाषणात म्हणाले, "गर्जे सरांचा विनोद म्हणजे काय सांगू! चंद्र म्हणजे ग्रहाचा शिपाई..." पुढचं वाक्य अर्ध्या मंडपानं म्हटलं!

मी ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच. रात्री चार ओळी लिहूनही काढल्या होत्या. उठलो, माईक धरला आणि म्हणालो, "त्या शिपाई-साहेबाबद्दल मला आज खरं सांगायचंय. ते वाक्य मी..."

एवढ्यावरच टाळ्या पडल्या. शिट्ट्याही वाजल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर, सर!" मी थांबलो. वाट बघितली. टाळ्या थांबेनात. आणि मग, काय सांगू तुम्हाला, मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. पूर्ण म्हटलं. लोकांना हसवलं आणि खाली बसलो.

मामा चहाचा ट्रे घेऊन आले. माझ्यापुढचा कप वेगळा होता. खाली वाकून हळूच म्हणाले, "साखर कमी घातलीय, सर. तुमाला चालत न्हाई ना."

*

मधल्या काळात मामाही निवृत्त झाले आणि नंदा शिकून, पारनेरकडे काही वर्षं नोकरी करून, आमच्याच शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून आली. मला हे शेख सरांकडून कळलं. मी शाळेकडे फिरकलो नाही. बाजारात मामा दिसले की दुसऱ्या गल्लीनं जायचो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "सर, मी नंदा. भिंत नव्यानं रंगवलीय. शेख सरांनीच काढलीय, माप माझं आहे. तपासायला या."

"अगं, मी कशाला? तूच..."

"नाही सर. तुम्हीच या."

गेलो. दुपारची सुट्टी होती, पोरं अंगणात होती. कंपाउंडची भिंत बघितली आणि जागीच थांबलो. पृथ्वी दोन फुटांची. आणि गुरू? गुरू मावलाच नव्हता. त्याची नुसती एक कमान भिंतीच्या या टोकापासून सुरू होऊन वरच्या काठाबाहेर निघून गेली होती. शेख सर शेजारी उभे होते. म्हणाले, "या वेळी बारीक नाही केला!"

बुध आणि गॅनिमीड मात्र त्या भिंतीवर नव्हते. नंदा मला व्हरांड्यात घेऊन गेली. बुध काढला होता हेडसरांच्या दाराशेजारी. आणि गॅनिमीड त्याच रांगेत चार पावलं पुढे, टोलाच्या घंटेखाली, बरोबर त्या स्टुलाच्या वर.

स्टुलावर रंगनाथमामा बसले होते. निवृत्त झाले तरी रोज येतात म्हणे, घंटा द्यायला. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "मामा, बसा. बसा तुम्ही." पण ते उठलेच. बाजूला झाले आणि खिशातून टेप काढून माझ्या हातात दिला.

"मोजा, सर."

मी बुध मोजला. तेवीस सेंटिमीटर. मग गॅनिमीड मोजला. पुन्हा एकदा मोजला. पंचवीसला थोडा कमी. बोटभर मोठा.

"नंदा," मी म्हणालो, "तो मार्क... मला त्याच जूनमध्ये कळलं होतं. कपाटात तुझी रेघ बघितली होती मी."

"माहितीय, सर," ती म्हणाली. "पुस्तक मी जिथं ठेवायचे तिथं नव्हतं. तुम्ही खालच्या फळीवर ठेवलं होतं. बाबांनी दाखवलं मला."

मी मामांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

नंदानं पर्समधून लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. तोवर दहा-बारा पोरं गोळा झाली होती. मी गॅनिमीडच्या खाली वाकलो. बरोबरची खूण केली. त्या खुणेपुढे एकचा आकडा लिहिला. आणि खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा, मोजून सही केली.

एक चिमुरडी नंदाचा पदर ओढत होती. "बाई, आमाला भिंतीवर लिहू देत न्हाई, मग ह्या आजोबांनी का लिहिलं?"

मामांनी घंटेचा हातोडा उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या पोरीला म्हणाले,

"पेपर हाय त्यो. तपासायचा ऱ्हायला हुता."